मदत हवी आहे: दोन फोनच्या पडद्यांवरचे रंग नेमके कसे तुलना करून पाहावेत?

येवल्याच्या पैठण्यांचे फोटो ग्राहकांना पाठवते. वांगी आणि डाळिंबी रंगांत घोळ होतो. एकच फोटो माझ्या आयफोनवर साडीशी बराच जुळतो, बहिणीच्या अँड्रॉइडवर मात्र वांगी रंग लालसर आणि भडक दिसतो. दोन्ही पडदे ओलेड (प्रत्येक ठिपका स्वतः उजळणारे) आहेत.

आयफोनचे ट्रू टोन आणि नाइट शिफ्ट (पडद्याची रंगछटा आपोआप बदलणाऱ्या सोयी) बंद केले. अँड्रॉइडवर व्हिव्हिडऐवजी नॅचरल मोड लावला, निळा प्रकाश कमी करणारे फिल्टरही बंद आहे. ब्राइटनेस डोळ्यांनी सारखा केलाय. फोटो डिस्प्ले पी3 (आयफोनची जास्त रंगांची पद्धत) मधून एसआरजीबीत (सगळीकडे चालणारी नेहमीची रंगपद्धत) बदलून, ती पद्धत सांगणारं प्रोफाइल आत ठेवून, डॉक्युमेंट म्हणून पाठवला. भडकपणा गेला, पण कोऱ्या पांढऱ्या पानावरही बहिणीचा पडदा निळसरच वाटतो. स्क्रीनशॉट कामाचे नाहीत, त्यात पडद्याचा रंग येतच नाही. तिसऱ्या फोनने दोन्ही पडद्यांचा फोटो काढला, तर त्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स रंग फिरवतो.

ग्राहकांचे फोन माझ्या हातात नाहीत, म्हणून निदान संदर्भ म्हणून कोणता पडदा धरावा एवढं तरी पक्कं करायचंय. विंडोज लॅपटॉप आहे. महागडं उपकरण विकत घेणं जमणार नाही, भाड्याने चालेल.

लॅपटॉपला जोडलेला कलरिमीटर (पडद्याचा रंग मोजणारं उपकरण) फोनच्या पडद्यावर ठेवून पांढऱ्याचं 6500 केल्विनपासूनचं (प्रमाण पांढऱ्यापासूनचं) अंतर आणि या गडद रंगांचा डेल्टा ई (हव्या आणि दिसणाऱ्या रंगातल्या फरकाचा आकडा) मोजता येतो का? ओलेडसाठी त्यात वेगळी दुरुस्ती लावावी लागते का? आणि नाशिक किंवा पुण्यात असं उपकरण भाड्याने कुठे मिळेल?