व्हीआयए थांबवून थेट एचपीव्ही चाचणी का करत नाही? धाराशिवच्या बायकांनी उत्तर कधीच दिलंय

निरगुडी

माझ्या थोरल्या वन्सं 53 वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गावात तपासणी शिबिर लागलं होतं. तिथे तपासून "काही नाही, निवांत राहा" म्हणाले आणि कार्डावर निगेटिव्हचा शिक्का मारून दिला. पाळी जाऊन चार वर्षं झालेली, आणि या फेब्रुवारीत अंगावरून लाल जायला लागलं. बायोप्सीत गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघाला, तिसरी स्टेज. ते कार्ड अजून त्यांच्या पिशवीत आहे, आधार कार्डाच्या मागे, प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेलं.

शिबिरात झाली ती व्हीआयए तपासणी. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच, लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग उमटतो का ते डोळ्यांनी बघायचं. सगळी मदार बघणाऱ्याच्या नजरेवर.

दवाखान्याच्या फेऱ्यांत मी याबद्दल मिळेल ते वाचलं. वाचून राग आला, कारण कुठली तपासणी चालते याचं उत्तर आपल्याच मराठवाड्यातून आलेलं आहे. 1999 मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांवर अभ्यास सुरू झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. गावांचे चार गट पाडले. एका गटात हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायची तपासणी, तिसऱ्यात व्हीआयए, आणि चौथ्यात कुठलीच तपासणी नाही. प्रत्येक बाईची तपासणी एकदाच. आठ वर्षं पाठपुरावा करून 2009 मध्ये निकाल छापला. तपासणी न झालेल्या गटात या कॅन्सरने 64 बायका गेल्या. व्हीआयएच्या गटात 56, पॅपच्या गटात 54. एचपीव्हीच्या गटात 34. गट साधारण सारख्याच आकाराचे, एकतीस ते चौतीस हजारांचे. मृत्यू ठळकपणे घटले ते फक्त एचपीव्हीच्या गटात, जवळपास निम्म्यावर आले.

जागतिक आरोग्य संघटना 2021 पासून एचपीव्ही चाचणीच पहिली करा म्हणते. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात मात्र 2016 पासून व्हीआयएच आहे. ज्या गावांनी जगाला हे शिकवलं, तिथल्याच बायकांना आपण कमी भरवशाची तपासणी का देतो? मला व्हीआयए बंद झालेली हवी आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी कारण सांगावं.

सिस्टर_घाटमाथा

ताई, तुमच्या वन्संचं वाचून जीव हलला. त्यांच्या उपचाराला यश येवो.

तरी तुमची मागणी मला मान्य नाही. मी एएनएम, म्हणजे गावपातळीवरची नर्स आहे, 17 वर्षं झाली, आणि व्हीआयए स्वतः करते.

आमच्या भागात बाई एकदा टेबलावर झोपली की तीच वेळ आपली. ती रोजगार बुडवून येते, सासूला वेगळंच कारण सांगून येते. एचपीव्हीचा नमुना घेतला की तो जिल्ह्याला जाणार, आठवड्यांनी रिपोर्ट येणार, तोवर ती ऊसतोडीला निघून गेलेली असते. फोन लावला तर नवरा उचलतो, आणि त्याला काय सांगायचं? व्हीआयएत डाग दिसला तर त्याच दिवशी मशीनने ती जागा शेकून टाकता येते. थर्मल अब्लेशन म्हणतात त्याला. एक मिनिटही लागत नाही, भूल लागत नाही, बाई चालत घरी जाते. एकाच खेपेत काम झालं तर पदरात पडतं, पुढच्या तारखेचा भरवसा नसतो.

आता तुमच्या मुख्य मुद्द्यावर. डोळ्यांवर मदार आहे हे खरं, पण डोळा तयार करावा लागतो. मुंबईत टाटाचाच दुसरा अभ्यास झाला, 1998 पासून, वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांवर. तिथे डॉक्टर नाही, नर्स नाही, दहावी झालेल्या बायका चार आठवडे शिकवून तयार केल्या. त्यांनी दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या केल्या, आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. तमिळनाडूत दिंडिगुलला नर्सनी एकच फेरी केली, तिथे 35 टक्क्यांनी. तपासणी तीच, ॲसिड तेच.

मला ट्रेनिंग मिळालं पाच दिवसांचं. त्यातले साडेतीन दिवस स्लाइड. प्रत्यक्ष तपासलेल्या बायका अकरा, त्यांत पॉझिटिव्ह एक, आणि ती बघायला आम्ही नऊ जणी एका टॉर्चभोवती. माझी पाळी येईपर्यंत डाग फिका पडला होता. त्यानंतर चार वर्षांत कोणी येऊन माझं बघणं बरोबर आहे का ते तपासलं नाही. आधी हे दुरुस्त करा, मग तपासणी बदलायचं बोलू.

पॅथवाला

सिस्टर, ट्रेनिंगचं अगदी खरं. पण मुंबईचा आकडा वाचताना चार फेऱ्या विसरू नका. आपला कार्यक्रम सांगतो पाच वर्षांतून एकदा, आणि प्रत्यक्षात तेवढंही होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत 30 ते 49 वयाच्या शंभर बायकांत आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या दोनही भरल्या नाहीत. बाई एकदाच येणार असेल, तर त्या एका वेळेला जी तपासणी जास्त वर्षं पुरते ती करावी. एचपीव्ही निगेटिव्ह आला की पुढची पाच ते दहा वर्षं काळजी फार कमी. धाराशिवच्या अभ्यासात एचपीव्ही निगेटिव्ह आलेल्या एकाही बाईचा आठ वर्षांत या कॅन्सरने मृत्यू झाला नव्हता. व्हीआयए निगेटिव्हला ती हमी नाही.

दुसरं, त्याच अभ्यासात व्हीआयए पॉझिटिव्ह शंभरात जवळपास 14 निघाल्या, एचपीव्ही पॉझिटिव्ह 10. म्हणजे व्हीआयएने जास्त बायकांना घाबरवलं आणि मृत्यू कमी रोखले.

लॅबमध्ये मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे कंट्रोल नमुना. दर फेरीत एक नमुना माहितीचा असतो. तो चुकला तर मशीन सांगतं की आजची फेरी बाद. संध्याकाळी साडेपाचला चाळिसाव्या बाईकडे बघणाऱ्या थकलेल्या डोळ्याला असं सांगणारं कोणी नसतं.

बालाघाट

तुम्ही सगळे 64 आणि 34 सहज लिहिताय, म्हणून थोडं बोलतो. मी धाराशिवचाच. त्या 64 बायका आमच्याकडच्या आहेत.

चौथ्या गटाला तपासणीच दिली नाही. जवळच्या रुग्णालयात तपासून घेता येईल एवढं सांगितलं आणि आठ वर्षं नोंदी ठेवल्या. पॅप तपासणी 1940 च्या दशकापासून माहीत होती, श्रीमंत देशांत तिने मृत्यू किती खाली आणले हेही माहीत होतं. मुंबईच्या अभ्यासावर अमेरिकेत रीतसर तक्रार झाली. बायकांना संमती घेताना पुरेशी माहिती दिली गेली का, हा त्यातला एक मुद्दा होता. आपल्याकडे मात्र या अभ्यासांचं नुसतं कौतुक होतं.

पॅथवाला

बालाघाट, मुद्दा गंभीर आहे, पण त्या काळात तिथे तपासणी कुठे होती? चौथ्या गटाकडून काही काढून घेतलं नव्हतं. आणि पॅप आपल्याकडे चालेल हे गृहीत धरलं असतं तर फसलो असतो. श्रीमंत देशांत ती वारंवार होते, दर थोड्या वर्षांनी. एकदाच केलेल्या पॅपने धाराशिवला मृत्यू म्हणण्यासारखे घटले नाहीत, हे तपासणी नसलेला गट होता म्हणूनच कळलं. नाहीतर सरकारने गावोगावी पॅपवर पैसा ओतला असता.

बालाघाट

नाही पटत. तीन गटांची आपसात तुलना केली असती तरी 54, 56 आणि 34 हे दिसलंच असतं. कोणती तपासणी वापरायची हे ठरवायला तेवढं पुरत होतं. चौथा गट लागला तो "तपासणी मुळात उपयोगी आहे का" हे सिद्ध करायला, आणि ते जगाला ठाऊक होतं.

आणि "तिथे तपासणी नव्हतीच" हे कारण मला फार टोचतं. गरिबाला मिळत नाही हीच रीत धरून त्याला न देण्याचा गट करायचा, मग हे प्रयोग नेहमी गरिबाच्याच दारात येणार. माझ्या आत्याचं गाव त्या गटात होतं की दुसऱ्या, मला माहीत नाही. ती 2004 मध्ये याच आजाराने गेली. शेवटचे चार महिने घरात वास राहू नये म्हणून आजी दिवसातून तीनदा कडुनिंबाच्या पाण्याने कपडे धूत असे.

म्हणून मी निरगुडीताईंच्या बाजूने आहे. एवढी किंमत मोजून उत्तर मिळालं असेल तर 2009 नंतर एक दिवसही थांबायला नको होतं.

निरगुडी

बालाघाट, आत्यांबद्दल वाचून दोन दिवस लिहायला बसवलं नाही. चौथ्या गटाचा हा विचार माझ्या मनातही आला नव्हता. मी तो आकडा पुरावा म्हणून लिहून मोकळी झाले होते.

सिस्टर, तुमचं एका खेपेचं म्हणणं पटतं. पण मग नमुना जिल्ह्याला का जावा? ट्रूनॅटची छोटी मशीन गोव्यात बनतात, बॅटरीवर चालतात, टीबीसाठी कितीतरी ग्रामीण केंद्रांत ती आधीच आहेत. त्यावर एचपीव्हीची चाचणीही होते. नमुना बाई स्वतः घेऊ शकते, घरी किंवा केंद्राच्या संडासात, आत बघायला लावतात ते स्पेक्युलम न लावता. शंभरातल्या नव्वदजणी निगेटिव्ह निघणार, त्यांना टेबलावर झोपायचीही गरज नाही. तुम्ही उरलेल्या दहाजणींना नीट वेळ देऊ शकाल. तिथे तुमचा डोळा हवाच, शेकायचं कुठे आणि कोणाला पुढे पाठवायचं हे बघायला.

आणि एक विचारते, राग मानू नका. 53 वर्षांच्या बाईला व्हीआयए निगेटिव्ह लिहून द्यावं का?

सिस्टर_घाटमाथा

राग कसला ताई. नाही, लिहून देऊ नये.

गर्भाशयाच्या तोंडाशी आतलं लालसर अस्तर आणि बाहेरचं गुलाबी अस्तर जिथे मिळतं, त्या सांध्यावर हा कॅन्सर सुरू होतो. व्हीआयएत बघायचा तो सांधा. पाळी गेली की तो आत सरकतो, बहुतेकींत दिसेनासा होतो. पन्नाशीच्या पुढे आपण बघतो ते नुसतं बाहेरचं गुलाबी अस्तर, आणि ते स्वच्छच दिसणार. कार्यक्रमात मात्र वय 65 पर्यंत आहे. आमच्या रजिस्टरमध्ये दोनच रकाने आहेत, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह. सांधा दिसला नाही असा रकाना नाही. टार्गेटच्या दिवशी सगळ्या निगेटिव्हमध्ये जातात. मीही तसंच लिहीत आले आहे. तुमचा प्रश्न वाचल्यावर रजिस्टर उघडून गेल्या वर्षभरातल्या पन्नाशीपुढच्या मोजल्या. 38 निघाल्या.

ट्रूनॅटचं म्हणाल तर आमच्या केंद्रातलं मशीन टीबीच्या नमुन्यांनी दुपारपर्यंत भरलेलं असतं. दुसरं मशीन आणि दर चाचणीला लागणाऱ्या चिप मिळत राहिल्या तर मी पहिली तयार होईन. पण चिप संपल्या की सहा-सहा महिने काहीच होत नाही, हे मी इतर तपासण्यांत पाहिलंय. म्हणून चाळिशीच्या आतबाहेरच्या बायकांसाठी व्हीआयए बंद करू नका, माझं म्हणणं तिथेच आहे. आम्हाला दर महिन्याला एक दिवस जिल्ह्याच्या मॅडमजवळ बसू द्या, आम्ही काढलेले फोटो त्यांनी आमच्यासमोर बघावेत, एवढं मागते.

पॅथवाला

पन्नाशीपुढच्या बायकांना आधी एचपीव्ही, आणि जिथे मशीन पोचलंय तिथे सगळ्यांना. एवढ्यावर आपण चौघं एक आहोत असं धरतो. व्हीआयए किती दिवस ठेवायची यावर मी अजून सिस्टरांशी सहमत नाही. ठेवली की तीच राहते, आणि दुसऱ्या मशीनची मागणी मागे पडते.

निरगुडी

वन्संचं रेडिएशन परवा संपलं. घरात दोन सुना आहेत, 31 आणि 34 च्या. धाकटीला नमुना स्वतः घेता येतो हे कळल्यावर ती तयार झाली, मोठी अजून नाही म्हणते. सिस्टर, त्या 38 जणींचं काय करणार आहात?

सिस्टर_घाटमाथा

आशाताईंना यादी दिलीय. 14 जणींच्या घरी जाऊन झालं. अंगावरून जातंय का, संबंधानंतर रक्त दिसतं का, हे विचारलं. दोघींना होतं, त्यांना कालच सोबत घेऊन जिल्ह्याला गेले. कार्डावरचा निगेटिव्ह खोडून "सांधा दिसला नाही, एचपीव्ही करावी" असं लिहितेय. रकाना नाही, म्हणून समासात.