गेममधलं वागणं गेममध्येच राहतं का? तुमचे अनुभव लिहा

गेल्या गणपतीत मुंबईची पोरं घरी आलेली, सातआठ जणं पडवीत भिंतीला टेकून, मोबाईल आडवे धरून बसलेली. आरतीला दोनदा हाक मारली, पुतण्या म्हणतो, काका दोनच मिनिटं. तिसऱ्यांदा मी मोबाईल हातातून काढूनच घेतला. पोरगा रडवेला झाला, मला वाटलं हरला म्हणून, तर म्हणाला, "काका, ते तिघं माझ्या भरवशावर पुढे गेलेले, मी न सांगताच निघालो." टाळ वाजवताना माझ्या डोक्यात तेच. लहानपणी स्वतःची बॅटिंग झाली की फिल्डिंग न करता घरी पळणाऱ्याला आपणही दुसऱ्या दिवशी खेळायला घेत नसू.

गेम चांगला की वाईट यावर भांडून खूप झालंय. तुम्ही खेळताना कोणाशी कसे वागलात, घरात काय झालं, ते लिहा. नाव नको, गाव द्या.
– गुहागर

२०२३ च्या मे महिन्यात बीजीएमआय, म्हणजे मोबाईलवरचा तो बंदुकांचा गेम, परत चालू झाला आणि १ जूनपासून आमची मासेमारी बंद, ती ३१ जुलैपर्यंत. हातात काम नाय, मोबाईल हाये. मी क्रेट उघडायचो. ज्यांना म्हायती नाय त्यांच्यासाठी, खरे पैसे देऊन यूसी, म्हणजे गेममधले पैसे, घ्यायचे, ते टाकून पेटी उघडायची, आत काय ते नशीब. पेटी हलते, उजेड फुटतो, पायजे असते बंदुकीची स्किन, म्हणजे वरचा नवा रंग-नक्षी, आणि निघतो कसला तरी शर्ट, की परत उघडायची. आईच्या मोबाईलवरून मी असे ४,२०० घालवले, सुकी मासळी विकून तिने साठवलेले. बँकेचे इंग्रजी मेसेज ती उघडत नाय हे मला ठाऊक होतं, म्हणूनच धीर झाला, आणि हेच मला अजून सलतं. चूक माझीच. पण पेटी बनवणाऱ्याला पण ठाऊक असतंच ना, की समोरचा परत उघडणार? बेल्जियमने २०१८ लाच पैसे देऊन उघडायच्या असल्या पेट्या जुगारात धरल्या. जत्रेत पैसे लावायला बसलो असतो तर आजोबांनी कानाखाली काढली असती, इथे घरात बसून लावले आणि कोणाला पत्ता नाय. ऑगस्टात होडी परत समुद्रात गेली, पहिल्या हिशेबातून पैसे आईच्या हातात दिले आणि सगळं सांगितलं. ती काय बोलली नाय, नोटा मोजल्या, परत मोजल्या.
– मालवण

मी मुलगी आहे हे आवाजावरून कळलं की माइकवर शिव्या सुरू व्हायच्या, नाहीतर "नंबर दे". शेवटी मुलाच्या नावाने आयडी केला आणि माइक बंद ठेवला, दोन वर्षं मुकी खेळले. मारामारीच्या गेमने मुलं हिंसक होतात म्हणतात, मला मारामारीचं काही वाटलं नाही, ती खोटी होती. शिव्या खऱ्या होत्या, त्या देणारा कुठेतरी कोणाचा तरी भाऊ होता.
पण एक सांगायलाच हवं. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी, मोबाईल बंद. चार दिवसांनी चालू केला तर गेमच्या चॅटमध्ये सतरा मेसेज, नागपूरच्या एका टीममेटचे. शेवटचा होता, भावा फक्त ऑनलाइन ये, खेळू नको. मी त्याला खरं नाव सांगितलं. आता तो मला ताई म्हणतो.
– चिपळूण

मुलगा १४ चा. बीजीएमआयमध्ये अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तासच खेळता येतं, म्हणून त्याने वय वाढवून टाकलेलं. मला कळल्यावर मी त्याला खोटं बोलतोस म्हणून झापलं, तर म्हणे, "आई, शाळेच्या ऑनलाइन वर्गात तूच मला नेट नाही सांगायला लावायचीस ना?" लॉकडाऊनमध्ये आंब्याच्या पेट्या भरायला हात कमी पडायचे, तेव्हा मी ते केलं होतं. मी काय बोलणार होते?
– देवगड

आमच्या घरात रमीच्या अ‍ॅपने भावाची रिक्षा गेली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला, तोवर रिक्षा विकून झालेली. कृपा करून याला आणि पोरांच्या गेमला एकाच तागडीत तोलू नका, वहिनीने काय सोसलंय ते आम्ही बघितलंय.
– दापोली

देवगडच्या ताई, तुमचं वाचून मी मुंबईला पुतण्याला फोन केला, त्या दिवसाबद्दल चुकलो म्हटलं. तो म्हणाला, या मग रात्री टीममध्ये. गेलो. मला धड चालताही येईना, उतरल्या उतरल्या कोणीतरी गोळी घातली आणि मी गुडघ्यावर. "काका हलू नका, आलो." तो आडोसा सोडून धावत आला आणि माझ्याशेजारी बसला, मला उठवायला दहा सेकंद लागतात म्हणे. ती पुरी व्हायच्या आत त्यालाही गोळी लागली.
– गुहागर