मदत हवी आहे: वडिलांचं व्हिपल, पोटाचं आधी एकदा ऑपरेशन झालंय

तापीकाठ (अमळनेर)
वडील, वय ६८. कावीळ, अंगभर खाज. सीटीत स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ निघाली. डॉक्टर म्हणतात व्हिपल (गाठ काढायचं मोठं ऑपरेशन) करावं लागेल, पण आधीच्या ऑपरेशनमुळे अवघड जाईल. असं कुणाच्या घरी झालंय का? पेशंट नंतर कसा राहिला? धुळ्यालाच करू की मुंबई गाठू? सोमवारी उत्तर द्यायचंय, लवकर सांगा.

मेहरूणची_बोरं
आधीचं ऑपरेशन कसलं? बिलिरुबिन (रक्तातलं काविळीचं प्रमाण) किती? ताप येतो का?

अंजनीकाठ
जाळी असेल तर घाबरू नका. माझ्या मेव्हण्याच्या पोटात हर्नियाची मोठी जाळी होती. पित्ताशय काढताना सर्जननी जाळीतूनच चीर दिली आणि परत शिवली. आता शेतात जातो.

तापीकाठ
जाळी नाही हो. अल्सरचं ऑपरेशन, मी शाळेत होतो तेव्हाचं. कागद नाहीत, तो दवाखानाही आता बंद आहे. बिलिरुबिन १४. ताप नाही.

सातपुड्याचा_वारा
कावीळ आधी उतरवून घ्या. आमच्या चोपड्याकडे माळ देतात, पाण्यात पिवळं उतरतं. आजीची उतरली होती.

मेहरूणची_बोरं
आजीला गाठ होती का? गाठीने पित्तनळी दाबली गेलीय, माळेने काय होणार? लोकांचे दिवस वाया घालवू नका.

सातपुड्याचा_वारा
तुम्हाला नसेल विश्वास. चिंता करू नको भाऊ, समदं चांगलं व्हई.

वॉर्डातली_ताई
सर्जिकल वॉर्डात काम करते म्हणून लिहिते. अल्सरच्या भारी गोळ्या यायच्या आधी बऱ्याच जणांचं जठर लहान आतड्याला जोडून द्यायचे आणि जठरातलं आम्ल कमी व्हावं म्हणून व्हेगस नस कापायचे. काहींचं जठरच अर्धं काढायचे. तुमच्या वडिलांचं काय केलंय हे कळल्याशिवाय कुणीच नीट सांगू शकणार नाही. एन्डोस्कोपी करा, जोड दिसतो.

व्हिपलमध्ये स्वादुपिंडाचं डोकं, ड्युओडेनम (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग), पित्ताशय, पित्तनळीचा खालचा भाग काढतात आणि स्वादुपिंड, पित्तनळी, जठर असे तीन जोड आतड्याला देतात. जुना जोड ठेवायचा की सोडवून नवा करायचा, हे सर्जन आत बघून ठरवतात. चिकटलेली आतडी सुटी करण्यात तास जातात, पण जुनं ऑपरेशन आहे म्हणून व्हिपल होतच नाही असं नाही. खरी धास्ती स्वादुपिंडाच्या जोडाची. ग्रंथी मऊ आणि नळी बारीक असली की तिथून गळती होते. म्हणूनच तिसऱ्या दिवशी ड्रेनचं (पोटातून बाहेर काढलेल्या नळीचं) पाणी अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडातलं एन्झाइम, तपासायला पाठवतात. जिथे हे ऑपरेशन वरचेवर होतं तिथे मृत्यू शंभरात पाचाच्या आत असतात. गळती, इन्फेक्शन, जठर उशिरा चालू होणं, यातलं काही ना काही मात्र तीस-चाळीस जणांना होतंच.

यावलकर
१४ म्हणजे फार झालं. ऑपरेशनआधी पित्तनळीत स्टेंट (पित्त वाहतं ठेवणारी छोटी नळी) टाकाच. आमच्या साडूला टाकला, चार दिवसांत खाज गेली.

वॉर्डातली_ताई
सरसकट टाकत नाहीत. तारीख जवळची असेल आणि ताप नसेल तर स्टेंटने उलट इन्फेक्शन वाढतं. थंडी वाजून ताप आला तर मात्र त्याच दिवशी दाखवा. अल्सरचा जुना जोड असला की ईआरसीपीची (तोंडातून घालून स्टेंट टाकायची) दुर्बीण कधीकधी पित्तनळीच्या तोंडापर्यंत पोचतच नाही. मग यकृतातून बाहेरून नळी घालावी लागते. पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) केलंय का? काविळीत रक्त गोठायला वेळ लागतो, व्हिटॅमिन के द्यावं लागतं.

यावलकर
साडूला काहीच झालं नाही, एवढंच म्हणतो.

केळीचा_घड
परळच्या टाटाला जा. दादरची खानदेश एक्सप्रेस अमळनेरला थांबते, रोज नसते तेवढं बघून घ्या. आणि सोबत कळण्याची भाकरी न्या, तिकडचं जेवण पचत नाही.

अंजनीकाठ
मग जाळी काढणार की ठेवणार?

तापीकाठ
एन्डोस्कोपी झाली. जठर कापलेलं नाही, आतड्याला जोड आहे. आयएनआर थोडा वाढलाय, व्हिटॅमिन के सुरू केलं. इथल्या सर्जनना वर्षात किती व्हिपल करता विचारलं, तर म्हणाले एखाद-दुसरं. परळला जातोय. सीटीचा नुसता रिपोर्ट चालेल का?

वॉर्डातली_ताई
नाही, सीडी न्या. एन्डोस्कोपीचे फोटोही. आणि शुगर केली का, ते अजून सांगितलं नाहीत.