ओल लागलेल्या कॅनव्हासवर रंग मारणं म्हणजे दुरुस्ती नव्हे

कोपरीकर: काल ढोकाळीच्या दादांनी फोटो टाकले. ओल लागून वडिलांनी घेतलेल्या चित्राचे पापुद्रे सुटले, फ्रेमवाल्याने दोन दिवसांत ‘नव्यासारखं’ करून दिलं, सगळ्यांनी करून घ्या म्हणे. फोटो मोठा करून बघा. पापुद्रे सुटले होते तळहाताएवढ्या जागेत, आणि निळा फासलाय खालच्या सबंध पट्ट्यावर. चित्रकाराने चाकूने ओढलेल्या खाचा त्यात बुजल्या. रंग गेलाय तिथेच भरायचा आणि उद्या काढता येईल असाच भरायचा. चित्र ॲक्रिलिक रंगातलं आहे, आणि ॲक्रिलिकवर ॲक्रिलिक मारलं की काढताना खालचा मूळ रंगही सुटतो. ॲम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात १९८६ साली अमेरिकी चित्रकार बार्नेट न्यूमनचा भलामोठा लाल कॅनव्हास एकाने फाडला. १९९१ मध्ये दुरुस्त होऊन परत आला तेव्हा रोलरने लाल मारल्याचा आरोप झाला, प्रकरण कोर्टात गेलं.

ढोकाळी दादा: चित्र माझं, भिंत माझी. आई त्या डागांकडे पाठ करून जेवायला बसायची, आता समोर बसते. संग्रहालयाचे नियम आमच्या हॉलमध्ये कशाला? आणि न्यूमनचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. सपाट रंगात ठिगळ लपत नाही, म्हणून पूर्ण पट्टा रंगवावा लागतो.

कोपरीकर: नाही लागत. हार्वर्ड विद्यापीठातल्या चित्रकार रोथकोच्या म्युरल्सचा, म्हणजे भिंतीवरच्या मोठ्या चित्रांचा, लाल उन्हाने उडाला होता. २०१४ मध्ये ब्रश न लावता प्रोजेक्टरने रंगीत प्रकाश टाकून मूळ छटा दाखवल्या.

ढोकाळी दादा: घरात प्रोजेक्टर लावू का मी आता?

सानपाडा सेक्टर पाच: ते सगळं राहू द्या, ओल आली कुठून? गच्चीतून पावसाचं पाणी येत असेल तर उपविधीप्रमाणे खर्च सोसायटीचा. वरच्याचं बाथरूम असेल तर त्याचा.

ढोकाळी दादा: वरच्यांचं बाथरूम. दारच उघडत नाहीत.

सानपाडा सेक्टर पाच: आमच्याकडे हेच. टाइल्सच्या सांध्यात ग्राउट भरून भागवतात आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. नहाणी ट्रॅप उकलून वॉटरप्रूफिंग केल्याशिवाय थांबत नाही. माझं लाकडी कपाट गेलं त्यात, भरपाई शून्य.

कोपरीकर: धागा चित्राचा आहे हो.

सानपाडा सेक्टर पाच: भिंत ओली ठेवून चित्र वाचवायच्या गप्पा तुम्हीच मारा! त्या भिंतीला टेकलेल्या कॅनव्हासला मागून बुरशी येणारच.

कोपरीकर: एवढं एक बरोबर बोललात.

नेरूळची चित्रकार: ‘चित्र माझं’ म्हणताना कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ पण वाचा. चित्र विकल्यावरही त्याची मोडतोड झाली तर चित्रकाराला हरकत घेता येते. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं ब्राँझ म्युरल सरकारने १९७९ मध्ये उतरवलं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले भाग परत करायला आणि ५ लाख भरपाई द्यायला लावली. माझं एक चित्र एका ऑफिसच्या लॉबीत आहे. सोफ्याशी जुळावा म्हणून त्यातला पिवळा ‘फ्रेश’ केला, सही त्याखाली गेली. आता तो भडक पिवळा मी लावला असं लोक समजतात. तो माझा नाही!

ढोकाळी दादा: ताई, तुमच्या बाबतीत झालं ते वाईटच. आमच्या चित्राची सही वर आहे, ती शाबूत आहे. पण साध्या माणसाने जायचं कुठे? फ्रेमवाला नाक्यावर आहे.

कोपरीकर: काळा घोड्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे, तिथे आधी विचारायचं होतं. तोवर ओलं फडकं लावू नका. ॲक्रिलिक पाण्याने फुगतं, आणि मऊ असल्यामुळे धूळ त्यात रुतते. भिंत सुकेपर्यंत चित्र रंगाची बाजू वर करून आडवं ठेवा. आणखी पापुद्रे पडले तर पाकिटात जपा, फेकू नका.

ढोकाळी दादा: आडवं ठेवतो, पापुद्रेही जपतो. निळा मात्र काढू देणार नाही. आईला तो तसाच हवाय.

नेरूळची चित्रकार: निदान मागच्या बाजूला लिहून ठेवा, कुठला रंग कधी मारला ते. पुढे कुणाला तरी कळायला हवं.

ढोकाळी दादा: ते करतो.

सानपाडा सेक्टर पाच: आणि सेक्रेटरींकडे लेखी अर्ज द्या. पोच घ्या.