मदत हवी आहे: तीन कंपन्या, एकच ईआरपी, नऊ प्रोजेक्ट. क्रम कोणी आणि कसा लावायचा?

वाळूजवाला

नमस्कार मंडळी. जाणकारांनी जरा मार्गदर्शन करावं.

आमचा ग्रुप तीन भावांचा. थोरल्यांकडे वाळूज एमआयडीसीतलं प्रेस शॉप (दुचाकीचे पार्ट), मधल्यांकडे जालन्याची फाउंड्री, धाकट्यांकडे लातूरचा सोयाबीन प्लांट. कंपन्या तीन, पण ईआरपी (स्टॉक, खरेदी, बिलं, हिशेब सगळं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) एकच: एसएपी कंपनीचं जुनं ईसीसी, सर्व्हर वाळूजला. आयटीचं सगळं माझ्याकडे. सोबत एक मुलगी फंक्शनल (सेटिंग आणि युजरच्या अडचणी) बघते, आणि प्रोग्रामिंगला पुण्याच्या व्हेंडरचा एक एबॅपवाला (एबॅप म्हणजे एसएपीची प्रोग्रामिंगची भाषा), महिन्याला दहा मॅनडेज, म्हणजे कामाचे दिवस. बस, एवढीच फौज.

सध्या वाळूजला बारकोडिंग, कस्टमरच्या पोर्टलवर एएसएन (माल निघाल्याची आगाऊ सूचना) आपोआप जाणं आणि स्क्रॅपचा हिशेब, जालन्याला हीट नंबरवरून (वितळवलेल्या धातूच्या घाणाचा नंबर) ट्रेसेबिलिटी, म्हणजे कुठला माल कुठल्या घाणातला ते शोधणं, आणि मशीन मेंटेनन्स, लातूरला वजनकाटा ईआरपीला जोडणं, तिन्हीकडे फेस अटेंडन्स ते पगार, मालकांसाठी डॅशबोर्ड, आणि वरून एस/४हाना (ईसीसीच्या जागी आलेलं एसएपीचं नवं सॉफ्टवेअर) अपग्रेडची टांगती तलवार. प्रत्येकाचं एक्सेल वेगळं, तारखा वेगळ्या, आणि प्रत्येक एक्सेलमध्ये एबॅपवाला पूर्णवेळ आपलाच धरलेला!

गेल्या महिन्यात काय झालं ते ऐका. स्क्रॅपवाल्यांना ब्लँकचं (पार्ट बनवायला कापलेल्या पत्र्याच्या तुकड्याचं) वजन हवं होतं, म्हणून त्यांनी आयटम मास्टरमध्ये (ईआरपीतली प्रत्येक मालाची मूळ नोंद) एका ब्रॅकेटचं नेट वेट, म्हणजे तयार नगाचं वजन, ९६ ग्रॅमचं १२० केलं. त्यांच्या दृष्टीने बरोबरच. पण बारकोड प्रोजेक्टमध्ये पॅकिंगचा मोजणी काटा तेच नेट वेट उचलतो. २५० नगांचा बॉक्स २४ किलोला भरायचा, तो काटा ३० किलोपर्यंत मागायला लागला. आमचा पॅकिंगवाला काट्यावर भरवसा ठेवून टाकतोय, टाकतोय, आणि शेवटी झाकणच बसेना. हाताने मोजले तर तीनशेच्या वर नग. गाडी गेटवर उभी, कस्टमरचे फोन चालू, आणि दोन्ही प्रोजेक्ट आपापल्या मीटिंगमध्ये ‘ऑन ट्रॅक’.

तर प्रश्न असे. हे सगळं एकत्र कसं चालवायचं? कुठलं आधी, कुठलं नंतर, हे ठरवायचं कशावर? आणि ठरवणार कोण? तिन्ही शेठ आपापल्या जागी मालकच.

शेंद्राकर

दोन गोष्टी सांगा. टेस्टिंगला वेगळा सर्व्हर आहे का? आणि आयटम मास्टर बदलायचा अधिकार किती जणांना आहे?

वाळूजवाला

सर्व्हर आहे, पण त्यातला डेटा जुनाट. अधिकार… खरं सांगू? स्टोअर, परचेस, क्वालिटी, सगळ्यांनाच.

जुना पीएमओ

तुमच्याकडे नऊ प्रोजेक्ट आहेत असं म्हणू नका. नऊ मागण्या आहेत आणि त्या एकाच सिस्टिममधून जायला बघतायत.

आधी वजनाचं, कारण ते उद्या सकाळी करता येईल. ब्लँकचं वजन मास्टरमध्ये नकोच, ते बीओएममध्ये (एका नगाला कुठला माल किती लागतो त्याची यादी) धरा: एका नगाला पत्रा १२० ग्रॅम. मास्टरमधलं नेट वेट तयार पार्टचंच राहू द्या. दोन्हींतला फरक हाच तुमचा स्क्रॅप. स्क्रॅप प्रोजेक्टला याहून जास्त काही लागत नाही. त्याच दिवशी मास्टर बदलण्याचा अधिकार सगळ्यांचा काढा आणि एकाच माणसाकडे द्या. शिव्या बसतील, बसू द्या.

आता क्रमाचं. कंपनीवार यादी फाडून टाका. एक मोठा तक्ता करा: उभ्या रांगेत नऊ प्रोजेक्ट, आडव्या रांगेत सामायिक गोष्टी, म्हणजे आयटम मास्टर, व्हेंडर मास्टर (पुरवठादारांच्या नोंदी), स्टॉकच्या एन्ट्री, इन्व्हॉइस, नेटवर्क, आणि एबॅपवाल्याचे दिवस. कोण कशाला हात लावतो तिथे खूण करा. ज्या सामायिक गोष्टीखाली खुणांची गर्दी, तिथे भांडण. अटेंडन्सचं मशीन आणि पगार जर ईआरपीच्या बाहेर असेल तर त्याला कशाला अडवता? सोडून द्या, पळू द्या. पण स्टॉकला हात लावणारे एका वेळी दोनच. तिसरा कितीही तातडीचा असला तरी आधीच्यातला एक संपल्यावर.

एबॅपचे दहाच्या दहा दिवस वाटून टाकू नका, दोन हातात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा काय पळापळ झाली आठवतंय ना? दुचाकीच्या पार्टचा २८ टक्क्यांचा १८ झाला. सरकार तुमचा प्रोजेक्ट प्लॅन विचारून दर बदलत नाही.

आणि अपग्रेड. ईसीसीचा मुख्य मेंटेनन्स (एसएपीकडून मिळणारा सपोर्ट) २०२७ च्या अखेरीस संपतो, तोही एन्हान्समेंट पॅक (ईसीसीवरची सुधारणांची आवृत्ती) ६ किंवा त्यापुढचा असेल तर. जादा पैसे मोजले तर २०३० पर्यंत. याचा अर्थ अपग्रेड हा यादीतला नववा प्रोजेक्ट नाही, बाकीच्या आठांवर त्याची सावली आहे. आज जो झेड प्रोग्राम (खास आपल्यासाठी लिहून घेतलेला) लिहाल तो तिकडे पुन्हा तपासावा लागेल. एस/४हानात स्टॉकच्या एन्ट्रींचं टेबलच बदललंय, आयटम कोड १८ अक्षरांवरून ४० पर्यंत वाढू शकतो, आणि कस्टमर-व्हेंडर दोन्ही ‘बिझनेस पार्टनर’ नावाच्या एकाच मास्टरमध्ये जातात. तेव्हा नवं प्रोग्रामिंग जेवढं टाळता येईल तेवढं टाळा, आणि व्हेंडर मास्टरची साफसफाई आत्ताच उरका. ती मेहनत वाया जात नाही.

सोयाबीनदादा

लातूरहून. वरचं सगळं बरोबर हाय, पण क्यालेंडर कुणीच बघंना. एका विहिरीवर तीन मोटारी बसवल्या तर पाळ्या लावाव्याच लागतात. आमच्याकडं ऑक्टोबरला आवक सुरू झाली की गेटवर गाड्यांच्या रांगा. त्या टायमाला काट्याला कुणी हात लावला तर मालक त्यालाच काट्यावर बसवतील. मार्च-एप्रिल क्लोजिंग, सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिट, दसरा-दिवाळीच्या आधी तुमच्या वाळूजचं प्रॉडक्शन फुल्ल. राहिलं काय मग? मे मधापासून जुलै, आन जानेवारी ते फेब्रुवारीचा अर्धा. एवढ्यातच लाइव्ह करा. बाकीच्या महिन्यांत निस्तं टेस्टिंग करत बसा.

हिशेबनीस

यात खर्चाचं कोणीच बोललं नाही. सर्व्हर, लायसन्स, एबॅपवाला हे सगळं वाळूजच्या कंपनीत बुक होत असेल आणि वापर तिघांचा असेल तर दोन त्रास. एक, फुकट मिळतंय म्हणून बाकीचे दोघे वाटेल ते मागणार. दोन, कंपन्या जीएसटी कायद्याने ‘संबंधित व्यक्ती’ ठरत असतील तर मोबदला न घेता दिलेली सेवाही जीएसटीत पुरवठाच धरली जाते. वाळूजने दोघांना रीतसर बिल लावावं. घेणाऱ्याला त्या जीएसटीचं पूर्ण क्रेडिट मिळत असेल तर बिलातली किंमत मान्य होते, त्यामुळे दराचा वाद नाही. युजरच्या संख्येवर वाटा काढा, आणि एबॅपचे दिवस ज्याचे त्याच्या नावावर. बिल दिसलं की निम्म्या मागण्या आपोआप गळतात. तपशील अर्थात तुमच्या सीएंना दाखवून.

शेंद्राकर

हिशेबनीसांना +१. फक्त स्टिअरिंग कमिटी वगैरे नेमू नका. आमच्याकडे नेमली होती, दर बैठकीला चहा-समोसा आणि पुढची तारीख. थोरल्या शेठना ठरवू द्या, विषय संपला.

वाळूजवाला

शेंद्राकर, आमच्याकडे ते चालणार नाही. थोरल्यांनी ठरवलं की धाकटे म्हणतात, “वाळूजचंच आधी होणार, माहितीये.” मग रात्री मला वेगळा फोन.

जुना पीएमओ

मग माणूस नको, नियम ठरवा, आणि भांडण व्हायच्या आधी तिघांची सही घ्या. कायद्याचं काम पहिलं. कस्टमरची लाइन थांबेल असं काम दुसरं. त्यानंतर पैसे वाचवणारं, तेही कोणाच्या तोंडाने नाही, हिशेबनीसांच्या कागदावर. मालकांचा डॅशबोर्ड सगळ्यात शेवटी (हे त्यांना तुम्हीच सांगा, मी नाही). प्रत्येक भावाने आपल्या कंपनीतला क्रम आपला लावावा. जिथे दोघांची टक्कर होते तेवढंच महिन्याला एकदा तिघांसमोर न्यायचं, तेही एका पानावर. आणि प्रॉडक्शन सर्व्हरवर (रोजचं खरं काम चालतं तो) बदल महिन्यातून दोनच ठरलेल्या दिवशी. रात्रीच्या फोनला हेच उत्तर.

वाळूजवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. काल बसून तक्ता केला. नऊपैकी सहा प्रोजेक्ट आयटम मास्टरला हात लावतात, आणि सगळ्यांनी मिळून एबॅपचे महिन्याला सव्वीस दिवस धरलेत. हातात दहा, त्यातले दोन राखीव. तो कागद थोरल्यांच्या टेबलावर ठेवला. बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, “मशीन मेंटेनन्स आणि डॅशबोर्ड थांबव.” डॅशबोर्ड स्वतःहून म्हणाले! वजन बीओएममध्ये घेतलं, स्क्रॅपचा रिपोर्ट जुळला. बारकोड आणि एएसएन चालू राहतील, ट्रेसेबिलिटी त्यानंतर.

आता एकच अडचण उरली. लातूरच्या धाकट्यांनी काट्याच्या सॉफ्टवेअरचा ॲडव्हान्स देऊन टाकलाय, आणि त्यांना ते सीझनच्या आधी हवंय. माझ्याकडे जोडणीला दिवसच नाहीत. काय सांगू त्यांना?

सोयाबीनदादा

सॉफ्टवेअर बसवून घ्या की, त्याला कोण अडवायलंय? जोडणी मागून करा. तवर रोज संध्याकाळी काट्याची एक्सेल फाइल काढायची, गाडी नंबर आन पावती नंबर जुळवायचा, आन एकदाच अपलोड मारायचा. आम्ही दोन सीझन असंच काढले. फक्त अपलोड करणारा आन काट्यावर बसणारा माणूस एकच ठेवू नका.