मदत हवी आहे: तासाला लघवीला सोडत नाहीत, शाळेशी कसं बोलू?

माझी मुलगी 8 वर्षांची आहे, तिसरीत. वर्गात नियम असा की तास चालू असताना लघवीला जायचं नाही, मधल्या सुट्टीतच जायचं. गेले कित्येक दिवस तिची पाण्याची बाटली भरलेलीच घरी येते. विचारलं तर म्हणाली, "प्यायलं की लागते ना गं आई." घरी आली की दप्तर दारातच टाकून थेट बाथरूममध्ये पळते. मागच्या महिन्यात लघवीला जळजळ सुरू झाली, तपासणीत इन्फेक्शन निघालं.

या वयात मूत्राशयात साधारण 270 मिली लघवी मावते, म्हणजे जेमतेम सव्वा पेला. ती तासन् तास धरून ठेवायची आणि वर पाणीही प्यायचं नाही, मग जंतूंना फावतंच. बद्धकोष्ठ होतं ते वेगळंच.

बाईंची अडचणही कळते. एक उठला की मागोमाग चार जण उठतात. पण म्हणून सगळ्यांनाच अडवायचं, हे मला पटत नाही.

तुमच्यापैकी कोणी शिक्षक असाल तर सांगा ना, तुमच्या वर्गात काय पद्धत आहे? एका वेळी एकच, न विचारता फक्त खूण करून, असं चालतं का? आणि पालकांनी आधी बाईंशी बोलावं की डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन थेट मुख्याध्यापकांकडे जावं? लेकीवर राग निघू नये, एवढीच धास्ती आहे.