दिराला एमडीआर टीबी निघालाय, आम्ही घरातल्यांनी पण गोळ्या घ्यायच्या का?

कळवा_ईस्ट:
नमस्कार, वन रूम किचनमध्ये आम्ही सहा जण राहतो. दिराला मागच्या आठवड्यात एमडीआर टीबी (टीबीच्या नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणारा) निघाला, त्याची औषधं चालू झालीत. काल आरोग्य केंद्रातल्या ताई येऊन सगळ्यांना एक्सरे काढायला सांगून गेल्या आणि म्हणाल्या, एक्सरे क्लिअर आला तरी सहा महिने गोळी घ्यावी लागू शकते. सासूबाईंचं म्हणणं, धडधाकट माणसाने औषध कशाला खायचं. मुलगा ४ वर्षांचा आहे, काकाच्याच कुशीत झोपायचा, मला त्याचीच धास्ती वाटते. कोणी केलंय का हे?

दादर_टू_डोंबिवली:
बीसीजीची लस दिलीय ना बाळाला, मग टेन्शन नको. आमच्या चाळीत दोघांना टीबी झालेला, बाकी कोणाला काही झालं नाही.

ऐरोलीकर:
^ असं सांगू नका हो. बीसीजीने लहान मुलांना मेंदूचा टीबी वगैरे होण्यापासून बरंच संरक्षण मिळतं, पण टीबी होणारच नाही अशी गॅरंटी नाही.

आमच्याकडे वडिलांना एमडीआर होता. मी, आई, बहीण तिघांनी एक्सरे काढले, आईला खोकला होता म्हणून तिचा बेडका पण तपासला, निगेटिव्ह आला. मग ओळखीतल्या एका डॉक्टरने टीबी होऊ नये म्हणून देतात ती नेहमीची गोळी लिहून दिली. वडिलांचा रिपोर्ट त्याने बघितलाच नव्हता! एमडीआर म्हणजे ती गोळी, आयसोनियाझिड, आणि रिफॅम्पिसिन दोन्ही चालत नाहीत, मग आम्हाला तीच देऊन काय उपयोग? १५ दिवस फुकट गेले. नंतर लेव्होफ्लॉक्सासिन चालू झाली, रोज एक वेळ, सहा महिने. मला टाचेच्या वर शीर दुखायची, झोप पण उडायची, डॉक्टरांना लगेच सांगितलं. ॲन्टासिड, लोह, कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत घेऊ नका, दोन तास तरी अंतर ठेवा, आईचा तिथेच घोळ व्हायचा.

टीबी_फिल्डवाला:
मी ठाण्यातच या कामात आहे. ताई, आधी दिराचा एलपीएचा (जंतूवर कोणतं औषध चालतं ते बघणारी टेस्ट) रिपोर्ट बघा, लेव्होफ्लॉक्सासिन चालते की नाही ते त्यात कळतं. त्याच्या जंतूवर ती चालत नसेल तर तुम्हाला देऊन फायदा नाही, मग लक्ष ठेवायचं. आणि गोळीच्या आधी कोणाला चालू टीबी नाही ना हे बघणं मस्ट, कारण चालू टीबीत एकच औषध दिलं तर जंतू त्यालाही दाद देईनासे होतात. घरात कोणी गरोदर असेल तर आधी सांगा.

स्किन टेस्ट किंवा इग्रा (रक्ताची टेस्ट) पॉझिटिव्ह आली तरी घाबरू नका, जंतू अंगात झोपलेत एवढाच त्याचा अर्थ, तो आजार नाही आणि त्यापासून दुसऱ्याला लागण पण होत नाही. सासूबाईंना हेच सांगा, ते जागे व्हायच्या आत गोळी द्यायची असते.

लहान मुलांचं म्हणाल तर दक्षिण आफ्रिकेत मुलांवर आणि व्हिएतनाममध्ये मोठ्यांवर लेव्होफ्लॉक्सासिनचे अभ्यास झाले, दोन्ही मिळून धोका साधारण ६० टक्क्यांनी कमी दिसला, त्यावरच डब्ल्यूएचओने २०२४ मध्ये ही शिफारस केली. मुलाचा डोस वजनावर, मोठ्यांची गोळी अंदाजाने मोडून देऊ नका प्लीज. गोळी घ्या नाहीतर नका घेऊ, दोन वर्षं खोकला, ताप, वजन यावर लक्ष हवंच, मुलाचं वजन वाढत नसेल तर तेही दाखवा. काही अडलं तर निक्षय हेल्पलाइन १८००-११-६६६६, फ्री आहे.

कळवा_ईस्ट:
सगळ्यांना थँक्यू. रिपोर्ट काढून बघितला, लेव्होफ्लॉक्सासिनपुढे सेन्सिटिव्ह लिहिलंय, म्हणजे ती चालते. दीर आता खिडकीजवळ वेगळा झोपतो, मास्क लावतो, मुलगा रात्री रडतो काका पाहिजे म्हणून. सोमवारी सगळ्यांचे एक्सरे. सासूबाई म्हणतात एक्सरे काढते, गोळीचं मग बघू.